भावाचं बिघडलं तर पोलिसांना फोन करायचा की नाही?

पत्र असं आहे:

ताई, माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पाच वर्षं ट्रीटमेंट चालू होती. मधे त्याने गोळ्या बंद केल्या, आम्हाला कळलंच नाही. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री तो ओरडायला लागला की शेजारचे भिंतीतून आपलं बोलणं रेकॉर्ड करतात. हातात लाटणं होतं. कुणाला मारलं नाही, पण शेजाऱ्यांच्या दारावर चार-पाच वेळा जोरात आपटलं. त्यांनी ११२ ला फोन केला. दोन पोलीस आले, टाक टाक म्हणून ओरडले, याने टाकलं नाही, मग एकाने कानाखाली मारली, हात मागे बांधले आणि ठाण्यात नेलं. सकाळपर्यंत बाकावर बसवलं, माफीनामा लिहून घेतला आणि सोडलं. मी फाईल घेऊन गेले होते तर म्हणाले, मॅडम असे पेशंट मोकळे सोडता कशाला. आता भाऊ माझ्याशी बोलत नाही, त्याला वाटतं फोन मीच केला. आई म्हणते काहीही होऊदे पण पोलीस परत दारात नकोत. पुढच्या वेळी असं झालं तर मी काय करू? – एक बहीण

अगं, आधी एक सांगते. त्या रात्री तू काही चुकली नाहीस, फाईल घेऊन रात्री ठाण्यात पोचलीस हेच खूप आहे, मी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काम केलंय आणि फाईल घेऊन येणारं माणूस किती कमी दिसतं ते मला माहीत आहे. चुकलं ते त्यांचं. आणि ते नुसतं माणुसकीच्या हिशोबाने नाही, कायद्याच्या हिशोबाने चुकलं, हे तुला नीट माहीत असायला हवं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे, २०१८ पासून लागू झालाय. त्याचं कलम १०० फक्त पोलिसांसाठी आहे. त्यात म्हटलंय की मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल अशा अवस्थेत असेल, किंवा रस्त्यावर भटकत असेल आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला संरक्षणात घ्यायचं. शब्द बघ, संरक्षण. अटक नाही. का घेतलं ते त्याला सांगायचं, त्याला समजण्यासारखी अवस्था नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला सांगायचं, आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. डॉक्टर म्हणाले की भरती करायची गरज नाही तर पोलिसांनीच त्याला घरी आणून सोडायचं.

आता ते म्हणतील की आम्ही कोठडीत कुठे टाकला, बाकावर बसवला होता. म्हणूदेत. पण रात्रभरात हॉस्पिटल आलंच नाही ना मधे. आजारी माणसाला पकडलं, मारलं, माफी लिहून घेतली आणि जसा होता तसा, आजारासकट, परत घरी पाठवला. म्हणजे ज्या एका कामासाठी कायद्याने त्यांच्या हातात अधिकार दिला तेवढं एक काम सोडून बाकी सगळं केलं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या माफीनाम्याचा. आजारपणाची माफी कुणी कुणाकडे मागायची?

पण तू विचारलंस ते पुढच्या वेळेबद्दल, आणि त्यासाठी तिकडच्या बाजूने काय दिसतं ते समजून घ्यावं लागेल, मी त्यांची बाजू घेत नाहीये, कळलं तर तुला उपयोगी पडेल म्हणून सांगते. पोलीस दारात येतो तेव्हा त्याला तुझा भाऊ दिसत नाही, फोनवर जे सांगितलं गेलं ते दिसतं. शेजाऱ्यांनी काय सांगितलं असेल? एक जण वेडा झालाय, हातात काहीतरी आहे, दार फोडतोय. झालं, तो शिपाई जिना चढतानाच मारामारीच्या तयारीने चढतो. आणि त्याचं सगळं ट्रेनिंग असं असतं की हुकूम दिला की समोरच्याने लगेच ऐकलं पाहिजे, नाही ऐकलं तर तो मुद्दाम करतोय. आता तुझ्या भावाच्या डोक्यात त्या वेळी आधीच दोन-तीन आवाज बोलत असतील, त्यात बाहेरून दोन माणसं एकदम ओरडायला लागली, जिन्यात माणसं जमली, कुणी मोबाईलवर शूटिंग करतंय, यातला खरा आवाज कुठला आणि मनातला कुठला हेच त्याला कळत नसतं. त्याने लाटणं टाकलं नाही ते हट्टाने नाही. त्याच्यापर्यंत ते वाक्य पोचलंच नाही, किंवा पोचलं तर त्याला वाटलं की हे टाकलं की मला मारतील. आणि मारलंच की.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ मध्ये एका आईने आपल्या आजारी मुलासाठी पोलिसांना फोन केला, मुलाच्या हातात सुरी होती, टाक म्हटलं, त्याने टाकली नाही, पोलिसांनी गोळ्या घातल्या, २७ वर्षांचा मुलगा गेला. तुझ्या भावाच्याच वयाचा. त्यावर शहर इतकं हललं की १९८८ मध्ये पोलीस, डॉक्टर आणि पेशंटच्या घरच्यांची संघटना एकत्र बसले आणि पोलिसांसाठी ४० तासांचं ट्रेनिंग तयार केलं, ते पुढे जगभर गेलं. त्यात शिकवतात ते ऐकलं तर वाटेल यात काय एवढं. लांब उभं राहा, हळू बोला, एकानेच बोला, आपलं नाव सांगा, त्याचं नाव विचारा, घाई करू नका. एवढंच, पण गर्दीत आणि भीतीत हेच सुचत नाही. आपल्या २०१७ च्या कायद्यातही लिहिलंय की पोलिसांसकट सरकारी लोकांना या विषयाचं ट्रेनिंग वरचेवर द्यायचं. ज्यांना मिळालंय त्यांच्यात फरक दिसतो, मी स्वतः पाहिलाय.

एक रात्र सांगते. रात्री दीड-दोनला एक हवालदार एका चाळिशीतल्या माणसाला घेऊन आले आमच्याकडे, ना दोरी, ना हातकडी, दोघं शेजारी शेजारी चालत. मागून बायको. तिने सांगितलं की हे तासभर गाडीत बसायलाच तयार नव्हते, उचलून नेऊ असं सगळे म्हणत होते, तेव्हा हवालदारांनी बाकीच्यांना खाली पाठवलं, स्वतः दारात जमिनीवर बसले आणि विचारलं, यायचं नाही का काही अडचण आहे? तर तो माणूस म्हणाला, चप्पल एकच आहे. दुसरी सापडत नव्हती. एवढंच होतं. हवालदारांनी टॉर्च लावून खाटेखाली पालथं पडून ती चप्पल काढून दिली, याने घातली आणि मुकाट जिना उतरला. त्यांच्या युनिफॉर्मच्या पुढच्या बाजूला सगळी धूळ होती आणि ती झटकायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. इतकी वर्षं झाली, मला अजून ती धूळ आठवते. म्हणून मी तुझ्या आईसारखं पोलीस नकोच असं म्हणू शकत नाही. आईंना माझा नमस्कार सांग, त्यांची भीती खोटी नाही, पण काहीही होऊदे हे त्या रागात बोलतायत, खरंच काही झालं तर त्याच पहिल्या कोसळतील.

मग फोन कधी करायचा. हातात सुरी, कोयता, रॉकेल असलं काही आहे, कुणाचा गळा धरलाय, स्वतःला इजा करतोय, गच्चीच्या कठड्यावर चढलाय, तर विचार करत बसू नकोस, ११२. एकदम खूप गोळ्या खाल्ल्या असतील किंवा रक्त येत असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स नाहीतर मिळेल त्या गाडीने सरळ हॉस्पिटल, आणि तिथे लपवायचं नाही, कारण याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असंच धरलं जातं, त्याला त्यासाठी शिक्षा होत नाही. पोलीस केस होईल म्हणून लोक विषाच्या बाटलीचं नावसुद्धा चुकीचं सांगतात गं, आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने जातात.

पण झोपत नाहीये, पुटपुटतोय, जेवत नाही, गोळ्या फेकतोय, शेजाऱ्यांवर संशय घेतोय, हे पोलिसांचं काम नाही. हे डॉक्टरांचं आहे आणि ते त्याच दिवशी करायचं, उद्या बघू नाही. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं, तिथे पेशंटच बोलला पाहिजे असं नाही, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. तुझ्या पत्रावरून मला वाटतं त्या रात्रीच्या आधी आठवडाभर तरी काहीतरी दिसलं असणार, आठवून बघ, झोप गेली होती का, खिडक्या बंद करत होता का. दर वेळी साधारण त्याच क्रमाने येतं. तो क्रम लिहून ठेव. पोलिसांपर्यंत जाऊ न देण्याचा खरा रस्ता तो आहे.

समजा तरीही वेळ आली. फोन शक्यतो तूच कर, शेजाऱ्यांच्या आधी. आणि वाक्य आत्ताच तोंडपाठ कर, त्या वेळी सुचत नाही. वेडा झालाय, मारतोय असं नाही म्हणायचं. म्हणायचं, माझा भाऊ आजारी आहे, स्किझोफ्रेनियाची ट्रीटमेंट चालू होती, गोळ्या बंद झाल्यात, त्याला हॉस्पिटलला न्यायला मदत हवीय. मग घरात कोण कोण आहे ते सांग आणि हातात काय आहे ते खरं सांग. असेल तर आहे, नसेल तर नाही. लवकर यावेत म्हणून वाढवून सांगायचा मोह होतो, तो टाळ, कारण वाढवलेलं प्रत्येक वाक्य लाठी बनून भावाच्याच अंगावर येतं. आणि असलेलं लपवू नकोस, नाहीतर येणाऱ्या माणसाला समोर अचानक दिसेल आणि तो घाबरून काहीतरी करेल. शेवटी त्याला कशाची भीती वाटते ते एका वाक्यात, म्हणजे मागून धरलं की बिथरतो, सायरन बंद ठेवून या, असं. सगळं ऐकतीलच असं नाही, पण सांगितलेलं वरपर्यंत जातं.

ते येईपर्यंत टीव्ही बंद कर, मोठा लाईट चालू ठेव, लहान मुलं असतील तर शेजारी पाठव, त्याला बाहेर जायची वाट मोकळी ठेव आणि त्याच्याशी वाद घालू नकोस की कुणी रेकॉर्ड करत नाहीये म्हणून, त्या वेळी पटत नसतं ते. तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला, एवढं म्हटलं तरी पुरे. पोलीस आले की तू खाली जाऊन त्यांना जिन्यातच गाठ, फाईल हातात असूदे, दोन मिनिटं माग. साहेब, एकानेच बोला त्याच्याशी, थोडं लांबून, तो ऐकतो पण वेळ लागतो. आणि मग ठाण्यात नाही, सिव्हिलला किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यायचंय, कलम १०० खाली. हे कलम हळू आवाजात आणि आदराने सांग, अंगावर फेकल्यासारखं नको, बऱ्याच जणांना ते खरंच माहीत नसतं. जुन्या १९८७ च्या कायद्यात कोर्टाची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे भरती करून घ्यायचा हुकूम लागायचा ते त्यांच्या डोक्यात असतं, त्यामुळे आधी कोर्ट मग हॉस्पिटल असं ते म्हणतील. नुसत्या तपासणीला न्यायला आता कोर्टाची ऑर्डर लागत नाही. दवाखान्यातही टोलवाटोलवी होऊ शकते, बेड नाही, सायकॅट्रिस्ट उद्या येतील, तर तिथे कलम ९४ लक्षात ठेव, जिवाला धोका असेल किंवा कुणाला इजा होईल अशी वेळ असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. आणि निघताना पोलिसांना स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत नोंद करायला सांग, वेळेसकट.

आता ही सगळी धावपळ निम्म्याने कमी करणारी एक गोष्ट आहे आणि ती शांत दिवशी करायची असते, माझं सगळ्यात जास्त म्हणणं तेच आहे. भाऊ बरा असताना ठाण्यात जा. तक्रार घेऊन नाही, ओळख करून द्यायला. प्रभारी अधिकारी किंवा तुमच्या बीटचे हवालदार, गावात असाल तर पोलीस पाटील, त्यांना एक साधा कागद दे, त्यावर भावाचं नाव, आजार, डॉक्टर, तुझा नंबर, तो कशाने शांत होतो, कशाने बिथरतो. एवढंच, आख्खी फाईल देऊ नकोस. मागच्या वेळचे तेच दोघं समोर आले तर पोटात गोळा येईल, येऊदे, सोबत कुणाला तरी घेऊन जा. ज्या माणसाने भर दुपारी, शांतपणे भावाबद्दल ऐकलंय, तो रात्री जिना चढताना वेगळा चढतो.

पण एक अट. भावाला विचारल्याशिवाय हे करायचं नाही. त्याच्या आजाराची माहिती त्याची आहे, ती गुप्त ठेवायचा त्याला कायद्याने हक्क आहे, आणि आधीच तो असं समजतोय की तू त्याला पकडून दिलंस, त्यात हे मागून कळलं तर संपलंच. तो नाही म्हणाला तर नाही. महिनाभराने परत विचार. त्याच वेळी नामनिर्देशित प्रतिनिधीचंही बोलून घे, साध्या कागदावर तो लिहून सही करू शकतो की माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल, त्याने तुझ्याऐवजी आईचं किंवा मित्राचं नाव लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

तक्रारीचं तू काही लिहिलं नाहीस पण मनात असणार. पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तांकडे लेखी देता येतं, राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, मानसिक आजार असलेल्या माणसाचा तो हक्कच आहे आणि तो आहे हे सांगायचं काम पोलिसांचंही होतं. माझं मत विचारशील तर दे. निदान त्या माफीनाम्याची कॉपी माहितीच्या अधिकारात मागून घे, उद्या शेजाऱ्यांशी काही वाद झाला तर तो कागद कुणी गुन्हा कबूल केल्यासारखा पुढे करायला नको. पण हेही भावाला सांगून, आणि त्याला परत ती रात्र दहा जणांसमोर सांगायची ताकद आहे का ते बघून. नसेल तर थांब.

आणि भावाचं. फोन मी केला नव्हता हे सिद्ध करायला जाऊ नकोस, शेजाऱ्यांचं नाव पुढे केलंस तर त्याचा भिंतीवाला संशय अजून पक्का होईल, हा विचार केलास का? त्यापेक्षा म्हण, त्या रात्री तुला मारलं, ते चूक होतं, मी थांबवू शकले नाही, मला वाईट वाटतं. उत्तराची वाट न बघता. दोन महिने तो गप्प आहे म्हणजे तो रोज ती थप्पड आठवतोय, आणि घरात कुणीतरी ती चूक होती असं मोठ्याने म्हटलेलं त्याने अजून ऐकलेलं नसावं. मग कधीतरी तो बोलायला लागला की विचार, परत अशी वेळ आली तर आम्ही काय करावं असं तुला वाटतं? कुणाला बोलवावं, कुणी हात लावू नये, कुठल्या हॉस्पिटलला नको. पेशंटला हे बरं असताना लिहून ठेवता येतं, कायद्यात त्यालाही जागा आहे, आगाऊ सूचना म्हणतात, त्याची रीतसर पद्धत आहे ती डॉक्टर सांगतील. पण रीतसर व्हायच्या आधी वहीतल्या पानावर त्याच्या अक्षरात चार ओळी आल्या तरी खूप झालं.

एक राहिलंच. गोळ्या त्याने का बंद केल्या ते तू लिहिलं नाहीस, बहुतेक त्याला कुणी विचारलंही नसेल. वजन वाढत होतं का, दिवसभर गुंगी यायची का, अंग आखडायचं का, की बरं वाटलं म्हणून सोडल्या? आखडत असेल किंवा वजन वाढत असेल तर औषध बदलता येतं, विसरत असेल किंवा रोजची कटकट वाटत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. आत्ता परत चालू आहेत का तेही कळव. पुढच्या अपॉइंटमेंटला तू सोबत जा, पण आत त्याला आधी एकट्याला बोलू दे आणि मग तुला बोलावलं तर जा. त्याने काय सांगितलं ते मला लिही, तो लिही म्हणाला तर.